प्रवासाला निघण्यापूर्वी : वर्ध्याचे प्रवासी आणि त्यांचे फॅमिली डॉक्टर

प्रवासाची आरोग्यविषयक तयारी म्हणजे एका विशिष्ट माणसाचे शरीर आणि एक विशिष्ट रस्ता यांचा मेळ निघण्याआधी घालून पाहणे. रस्त्याची माहिती मिळवणे आता सोपे आहे. केदारनाथ किती उंचावर आहे, मक्केत जूनमध्ये ऊन किती पडते, नायजेरियाला जाण्यासाठी कोणती लस लागते, हे कोणालाही घरबसल्या कळते. शरीराची माहिती अशी कुठे मांडून ठेवलेली नसते. मागच्या उन्हाळ्यात कोणाला चक्कर आली होती, कोणाची बीपीची गोळी दोनदा बदलावी लागली, कोणाला सल्फाच्या औषधाने अंगावर पुरळ उठते, कोणाच्या बहिणीला सिकलसेल आहे, हे त्या घरात दहा-वीस वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्या डॉक्टरला ठाऊक असते. म्हणूनच प्रवासापूर्वीचा सल्ला मोठ्या शहरातल्या अनोळखी तज्ज्ञापेक्षा आधी गावातल्या फॅमिली डॉक्टरकडून घेणे शहाणपणाचे ठरते.

वर्धा जिल्ह्यातून बाहेर पडण्याचे रस्ते पुष्कळ आहेत. मुंबई-हावडा मार्ग वर्धा जंक्शनवरून जातो आणि दिल्ली-चेन्नई मार्ग शेजारच्या सेवाग्राम स्थानकावरून. नागपूरचा विमानतळ जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर. मे महिन्यात चारधामच्या बसगाड्या निघतात, जुलैत अमरनाथ, आषाढीला पंढरपूर. हजला जाणारे नागपूरहून विमानात बसतात. बौद्ध कुटुंबे बोधगया आणि लुंबिनीला जातात. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, आखातात, बंगळुरूत असलेले आईवडील चार-सहा महिन्यांसाठी निघतात. यांतले बहुतेक जण साठीच्या पुढचे असतात आणि बहुतेकांच्या खिशात बीपीची किंवा शुगरची एखादी गोळी असते.

फॅमिली डॉक्टरच्या जुन्या नोंदीला केवढे मोल असते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. गांधीजी 1936 मध्ये सेवाग्रामला राहायला आले. दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजातून शिकलेल्या डॉ. सुशीला नय्यर पुढे तिथे त्यांच्या प्रकृतीची काळजी घेऊ लागल्या. गांधीजींचा रक्तदाब चढा असे. उपलब्ध नोंदींनुसार ऑक्टोबर 1937 मध्ये तो 194/130 होता, तर 19 फेब्रुवारी 1940 ला 220/110. त्याच फेब्रुवारीत गांधीजी कस्तुरबांसह रवींद्रनाथांना भेटायला शांतिनिकेतनला गेले होते. एवढा चढा आकडा एखाद्या नव्या डॉक्टरने एकाएकी पाहिला असता तर त्याने पेशंटला खाटेवरून हलू दिले नसते. ज्याच्याकडे आधीचे आकडे आहेत त्याला नेहमीचा चढउतार आणि खरा धोका यांतला फरक जोखता येतो. सुशीलाबेनच्याच पुढाकाराने पुढे कस्तुरबा रुग्णालय वाढले आणि 1969 मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. आज गंभीर तपासण्यांसाठी सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) अशी दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये जिल्ह्यात हाताशी आहेत. कोणाला तिथे पाठवायचे आणि कोणाला नाही, हे फॅमिली डॉक्टर ठरवतो. दूरच्या प्रवासाआधी निम्मे काम एवढ्या निवडीनेच होते.

डॉक्टरकडे जायचे ते निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी. आदल्या दिवशी चिठ्ठी लिहून घ्यायला जाणारे खूप असतात. त्यांच्यासाठी डॉक्टरला करता येण्यासारखे फारसे उरत नाही. लस टोचल्यापासून संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, काही लसींना दोन मात्रा लागतात. बीपीची गोळी बदलली तर नवी मात्रा बसायला दोन ते चार आठवडे जातात. रक्त कमी निघाले तर लोहाच्या गोळ्यांनी ते भरून यायला महिना-दोन महिने हवेत. दुखरा दात, हर्निया, मूतखडा यांचा निकाल घरी लावणे सोपे; बद्रीनाथच्या वाटेवर दाढ ठणकू लागली तर यात्राच संपते. भेटीला जाताना तिकीट किंवा यात्रेचे वेळापत्रक, चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे आणि जुने रिपोर्ट बरोबर न्यावेत. वेळापत्रक पाहिल्याशिवाय डॉक्टरला उंची, मुक्काम आणि चालण्याचे अंतर कळत नाही, आणि खरा सल्ला या तीन गोष्टींवरच उभा असतो.

चारधाम यात्रा हे त्याचे सगळ्यात बोलके उदाहरण. वर्धा शहर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरही उंच नाही. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांच्या आसपास असतो. तीन-चार दिवसांत प्रवासी 3,583 मीटरवरच्या केदारनाथला पोहोचतो. तिथे रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी पडू शकते आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या जवळपास असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी. गौरीकुंड सुमारे 1,980 मीटरवर आहे. तिथून एका दिवसात केदारनाथ गाठणारा माणूस सोळाशे मीटर वर चढतो. गिर्यारोहणातला सर्वमान्य नियम असा की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. हेलिकॉप्टरने जाणाऱ्याला थकवा येत नाही, पण शरीराला जुळवून घ्यायला मिळणारे काही तासही तो गमावतो. 2022 च्या हंगामात चारधामच्या वाटेवर दोनशेहून अधिक यात्रेकरू दगावले. त्यांत हृदयविकाराने आणि उंचीच्या त्रासाने गेलेले मोठ्या संख्येने होते.

या यात्रेआधी डॉक्टर काय पाहतो? छातीत कळ येते का, पायऱ्या चढताना दम लागतो का, रात्री उशी उंच करून झोपावे लागते का, हे प्रश्न आधी. मग बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, ईसीजी. न थांबता दोन मजले चढून वर बोलता येते का, ही जुनी साधी परीक्षाही उपयोगाची आहे. अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेला, बीपी आटोक्यात नसलेला, दम्याचा जोर असलेला किंवा रक्त फार कमी असलेला माणूस असेल तर डॉक्टरने स्पष्ट शब्दांत ‘यंदा नको’ म्हणायला हवे. घरातल्या वडीलधाऱ्याला मुलांनी नाही म्हटले तर रुसवा होतो. तेच डॉक्टरने सांगितले तर बहुधा ऐकले जाते. फॅमिली डॉक्टरचा हा अधिकार कोणत्याही तपासणीपेक्षा कमी मोलाचा नाही.

ज्यांना जाता येते त्यांना महिनाभर आधीपासून रोज अर्धा तास झपाट्याने चालण्याची सवय लावावी. वर्ध्यात एप्रिलमध्ये हे चालणे सकाळी सहा-साडेसहाच्या आतच उरकावे लागते. यात्रेला किमान सात दिवस द्यावेत. उंचीचा त्रास होण्याची शक्यता जास्त असेल तर डॉक्टर अॅसिटाझोलामाइडची गोळी देतो. ती साधारण 125 मिलिग्रॅमची, दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून घेतात. सल्फाच्या औषधाची अॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने ती डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. सहप्रवाशाच्या पाकिटातली उसनी गोळी घेण्याची बसगाड्यांमधली सवय म्हणूनच घातक आहे. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे हा उंचीचा पहिला इशारा. बसल्या जागी दम लागणे, खोकल्यातून फेस येणे, चालताना तोल जाणे किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाले तर एकच उपाय खात्रीचा आहे : ताबडतोब खाली उतरणे.

अमरनाथच्या यात्रेला आरोग्याचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे, कारण गुहा 3,888 मीटरवर आहे. तेरा वर्षांखालच्या आणि सत्तरीच्या वरच्या व्यक्तींना तसेच सहा आठवड्यांहून अधिक दिवस गेलेल्या गर्भवतींना नोंदणी मिळत नाही. प्रमाणपत्रावर सही राज्याने नेमलेल्या डॉक्टरची लागते, त्यामुळे बहुतेकांना फॅमिली डॉक्टरची सही चालत नाही. पण सही करणारा डॉक्टर पेशंटला पहिल्यांदाच पाहत असतो. फॅमिली डॉक्टरने पूर्वीच्या आजारांची एक पानी माहिती लिहून दिली तर त्या सहीला अर्थ येतो. आजार लपवून मिळवलेले प्रमाणपत्र फक्त तंबूच्या दारापर्यंत कामाला येते.

विदर्भाच्या डॉक्टरला एक प्रश्न इतर ठिकाणच्या डॉक्टरपेक्षा जास्त वेळा विचारावा लागतो : सिकलसेलची तपासणी झाली आहे का? या भागातल्या अनुसूचित जाती, आदिवासी आणि काही इतर मागास समाजांत हा आनुवंशिक रक्तदोष बराच आढळतो. ज्याला आईकडून आणि वडिलांकडून दोघांकडूनही सदोष जनुक मिळते तो रुग्ण, म्हणजे इथल्या बोलण्यात ‘एसएस’. एकाकडूनच मिळते तो वाहक, ‘एएस’. प्राणवायू कमी पडला, शरीरातले पाणी आटले किंवा थंडी बाधली की रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असह्य दुखू लागतात. उंच पहाडावरच्या यात्रेत ही तिन्ही कारणे एकत्र येतात. म्हणून एसएस रुग्णाने दोन हजार मीटरच्या वरची यात्रा टाळावी, असेच सांगितले जाते. प्रवासी विमानाच्या आतला दाबही 1,800 ते 2,400 मीटर उंचीइतका ठेवलेला असतो. स्थिर प्रकृतीचा रुग्ण विमानाने जाऊ शकतो, पण आधी हिमोग्लोबिन पाहून, भरपूर पाणी पीत, अंगावर शाल घेऊन आणि अलीकडे वेदनेचा झटका येऊन गेला असेल तर प्रवास पुढे ढकलून.

वाहकाला रोजच्या जगण्यात काहीच त्रास नसतो, आणि नेमके म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. उंचावर वाहकाच्याही पानथरीचा रक्तपुरवठा अडू शकतो. डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र दुखू लागले तर ते गॅसचे दुखणे समजून थांबू नये. खाली उतरून रुग्णालय गाठावे आणि आपण वाहक आहोत हे तिथल्या डॉक्टरला आधी सांगावे. गढवालमधल्या किंवा काश्मीरमधल्या डॉक्टरच्या मनात सिकलसेल चटकन येणार नाही. 1 जुलै 2023 ला देशपातळीवर सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानातून मोठ्या प्रमाणावर तपासण्या होऊन कार्डे मिळू लागली आहेत. ते कार्ड तिकिटाबरोबर ठेवावे. रुग्णाने न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकसच्या लसी घेतल्या आहेत का, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या परतीपर्यंत पुरतील का, हेही डॉक्टर पाहतो. उपचारासाठी मोठ्या रुग्णालयात जाणाऱ्या सिकलसेल रुग्णांना रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे. तिचे प्रमाणपत्र रुग्णालयाकडून घ्यावे लागते.

हजला जाणाऱ्यांची तयारी वेगळी. मेंदूज्वराची चार प्रकारच्या जंतूंवर काम करणारी मेनिंगोकोकल लस सौदी अरेबियात पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. भारतातून जाणाऱ्यांना पोलिओचे थेंबही घ्यावे लागतात, आणि वयस्करांना फ्लूची लस देतात. या लसी हजच्या शिबिरांत मिळतात. पण 2024 च्या हजमध्ये पारा 50 अंशांच्या वर गेला आणि तेराशेहून अधिक माणसे दगावली, त्यावर कोणतीही लस नाही. वर्ध्याचा माणूस उन्हाला सरावलेला असतो खरा. तरी हा सराव कूलरच्या खोलीत दोन-तीन आठवडे काढले की ओसरतो. शिवाय वय आणि औषधे त्याला निष्प्रभ करतात. बीपीसाठी दिल्या जाणाऱ्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या, काही मानसिक आजारांवरच्या आणि पार्किन्सनच्या गोळ्या उन्हात शरीर कोरडे पाडतात किंवा घाम कमी करतात. कोणती गोळी त्या दिवसांत कमी करायची, कोणती उलट्या-जुलाब झाले तर थांबवायची, हे डॉक्टरने चिठ्ठीवर सोप्या शब्दांत लिहून द्यावे. स्वतःच्या मनाने बीपीची गोळी बंद करणे हा उपाय नाही.

पंढरीच्या वाटेवर पाय सांभाळावे लागतात. वर्धा नदीच्या काठच्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी निघते. आर्वीच्या बाजूच्या वारकऱ्यांना ती जवळची. वाट महिनाभराची. शुगर असलेल्या अनेकांच्या तळव्यांची संवेदना कमी झालेली असते; खडा रुतला, फोड फुटला तरी कळत नाही आणि आठ दिवसांत जखम हाडापर्यंत जाते. डॉक्टर नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून ही संवेदना पाहतो. दोन मिनिटांचे काम आहे, आणि शुगरच्या प्रत्येक वारकऱ्यासाठी ते व्हायलाच हवे. अशा वारकऱ्याने अनवाणी चालण्याचा नवस डॉक्टरपुढे मोकळेपणाने बोलावा. नवे बूट घालून वारीला निघू नये. आधी पंधरा दिवस घालून ते मऊ करावेत. रोज रात्री मुक्कामी कोणाकडून तरी तळवे पाहून घ्यावेत आणि धनुर्वाताची लस आधीच घेतलेली असावी.

इन्सुलिन घेणाऱ्यांना उष्णता आणि थंडी दोन्ही नडतात. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात टिकते, पण 30 अंशांच्या आत. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते तापमान खोलीतही मिळत नाही. फ्रीज नसेल तिथे एकात एक ठेवलेली दोन मडकी आणि मधल्या जागेत ओली वाळू, हा उपाय चांगला चालतो. उलट पहाडावर गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामी झालेले असते, ते टाकून द्यावे. तिथे बाटली रात्री अंगालगत ठेवावी. विमानात इन्सुलिन सामानाच्या डब्यात देऊ नये, हातातल्या पिशवीत ठेवावे आणि डॉक्टरची चिठ्ठी बरोबर असावी. न्यू जर्सीला उन्हाळ्यात निघालेल्या माणसाचा तो दिवस साडेतेहतीस तासांचा होतो. रोजचे इन्सुलिन कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायचे, हा प्रश्न विमानात बसल्यावर सोडवण्याचा नाही. डॉक्टर दोन रकान्यांत, भारताची वेळ आणि तिथली वेळ, असा त्या एका दिवसाचा तक्ता करून देऊ शकतो.

परदेशी जाताना औषधांचे कागद नीट हवेत. चिठ्ठीवर ब्रँडच्या नावाबरोबर औषधाचे मूळ नाव लिहिलेले असावे, कारण इथले ब्रँड तिथे कोणी ओळखत नाही. साधे पॅरासिटामॉलदेखील अमेरिकेत अॅसिटामिनोफेन या नावाने मिळते. गोळ्या मूळ पाकिटातच न्याव्यात. ट्रॅमाडॉल आणि कोडीन असलेली वेदनेची व खोकल्याची औषधे संयुक्त अरब अमिरातीत पूर्वपरवानगीशिवाय नेली तर अटक होऊ शकते. इथे ती सहज लिहून दिली जात असल्याने प्रवाशाच्या मनात शंकाही येत नाही. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते. 2016 पासून ते जन्मभर ग्राह्य धरले जाते. अंड्याची तीव्र अॅलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारे औषध चालू असेल तर फॅमिली डॉक्टरने केंद्रासाठी तशी टिप्पणी द्यावी. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्याचाही आधी नीट विचार व्हायला हवा. चार तासांहून लांब विमानप्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे किंवा नुकतेच ऑपरेशन झाले आहे, त्यांनी ते आधी सांगावे. गर्भवतींकडे बहुतेक विमान कंपन्या सातव्या महिन्यानंतर डॉक्टरचे पत्र मागतात.

जवळचा प्रवासही तयारी मागतो. वर्ध्याहून गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाला किंवा भामरागडला जाणारे विद्यार्थी आणि कार्यकर्ते पुष्कळ असतात, आणि गडचिरोली हा राज्यातल्या सर्वांत जास्त मलेरियाच्या जिल्ह्यांपैकी एक. तिथे सहा आठवड्यांपेक्षा कमी मुक्काम असेल तर डॉक्सिसायक्लिन रोज एक, जाण्याच्या दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत, अशी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहे. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गर्भवतींना ही गोळी देत नाहीत. मच्छरदाणी मात्र सर्वांनाच हवी. टायफॉइडची लस यात्रेच्या गर्दीत खाणाऱ्या-पिणाऱ्या प्रत्येकाला उपयोगाची.

औषधांची पिशवी लहानच असावी. नेहमीच्या गोळ्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीच्या, त्याही दोन पिशव्यांत विभागून. ओआरएसची पाकिटे, पॅरासिटामॉल, पट्ट्या, जखमेचे मलम. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अँटिबायोटिक ठेवायचे की नाही, हे डॉक्टरवर सोडावे. पिशवीत एक कागद असावा : नाव, रक्तगट, आजार, औषधे, अॅलर्जी, घरच्यांचा आणि डॉक्टरांचा फोन.

परतल्यावर ताप आला तर डॉक्टरला पहिल्याच वाक्यात प्रवास सांगायचा. वर्ध्याच्या दवाखान्यात पावसाळ्यातल्या तापाला डेंग्यू किंवा व्हायरल समजले जाणे स्वाभाविक आहे. गढवालच्या गवतातून चालून आलेल्याला स्क्रब टायफस असू शकतो. हा आजार 2018 मध्ये विदर्भातही मोठ्या संख्येने दिसला. त्यात काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली चटका बसल्यासारखा काळा खपलीचा डाग असतो. डॉक्टरने कपडे बाजूला करून तो शोधला तरच सापडतो, आणि सापडला तर डॉक्सिसायक्लिनने ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. मलेरियाचा ताप त्याहून उशिरा येऊ शकतो. व्हायव्हॅक्स जातीचे जंतू यकृतात दडून राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतात, तोवर प्रवासी गडचिरोलीचा मुक्काम विसरलेला असतो. दडलेल्या जंतूंवर चौदा दिवस प्रायमाक्विन देतात. जी6पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्याच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात. त्यामुळे ती तपासणी झालेली नसेल तर डॉक्टर आधी ती करून घेतो आणि मग गोळी लिहितो.